भिंतीपलीकडची झोप

"तो झोपला की घरानंही झोपायचं, सूनबाई. घड्याळालासुद्धा सांगून ठेव."

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या सासूनं दागिना दिला असेल, मला हे वाक्य मिळालं. मी ते दागिन्यासारखंच जपलं.

आमचे हे काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर. भट्टी एकदा पेटली की विझवत नाहीत, विझली तर आतली काच थिजून बसते. भट्टीला झोप नाही, म्हणून माणसांना पाळ्या. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. शरीराला एक पाळी कळायला लागते तोवर दुसरी उभी. रात्रपाळी करून हे उजाडल्यावर घरी यायचे, डोळे भाजलेल्या विटेसारखे लाल. दोन घास खायचे आणि मागच्या खोलीत जाऊन पाठ टेकायचे. तिथून पुढे घर श्वास रोखून धरायचं.

दाराच्या घंटीला मी यांचा जुना मोजा चढवला होता. खुर्च्यांच्या पायांनाही मोजे. पाहुणे म्हणायचे, या घरात माणसं अनवाणी आणि खुर्च्या मोजे घालून. कुकर माळ्यावर गेला, कारण त्याच्या शिट्टीला कोण समजावणार? माझ्या आईनं दिलेलं पायाचं शिलाई मशीनही बंद झालं. फार खडखडायचं ते. त्याला मी छान झालरीची खोळ शिवली, आणि त्या मशीनवर शिवलेली ती शेवटची वस्तू. वर फुलदाणी ठेवली. लेक तर उशीत तोंड खुपसून हसायला शिकली. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, "मुलीला आवाज आहे ना?" आता ती नोकरीसाठी दूर असते, पण फोनवर अजून कुजबुजतेच.

माझा स्वतःचा नेम एवढाच, की सकाळी अंघोळ झाली की देवापुढे दिवा लावायचा आणि म्हणायचं, "आजचा दिवस खोटं बोलणार नाही." जन्मभराचं व्रत घ्यायची माझी छाती नाही. एका दिवसाचं झेपतं. उद्याचं उद्या.

दुपारी कामं उरकली की मी पुन्हा देवापुढे बसते. आमच्या देवाची फळी मागच्या खोलीच्या भिंतीवर, अलीकडच्या बाजूला आहे. भिंत कसली, लाकडी फळ्यांचा आडोसा, त्याला रंग दिलेला. तिथे बसून मी ओठातल्या ओठात त्याला घरातलं सांगते. मागायचं म्हणून नाही हो. यांची रात्रपाळी असली की झोपेतून उठवून तर सांगता येत नाही, मग कुणाला तरी सांगायचं. चाळणी फाटली. मोरीचा नळ गळतो. हिवाळा आला आणि माझ्या पावलांना भेगा पडल्यात. आणि खरं सांगते, देव ऐकायचा. दोन दिवस जात नाहीत तोच हे नवी चाळणी घेऊन यायचे. नळ आपोआप दुरुस्त झालेला असायचा. भेगांचं मलम उशाशी. यांना मी चकार शब्दानं काही सांगितलेलं नसायचं. मी मनात म्हणायची, देवा, माणूसही किती भोळा निवडलास रे पाठवायला. त्याला कळतसुद्धा नाही त्याच्या हातून कोण काय पाठवतंय.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग यांना भट्टीसमोर उभ्याउभ्या डोळा लागला.

क्षणभरच. पण तेवढ्यात सरकत्या पट्ट्यावरच्या बाटल्या एकमेकींवर चढल्या आणि लालभडक काचेचा ढीग झाला. कुणाला भाजलं नाही, देवाची कृपा. मुकादमानं यांना हाताला धरून बाहेर आणलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं: पाळ्यांमुळे जडलेला झोपेचा विकार, पुन्हा रात्रपाळी नको. आता भट्टीचं काम म्हणजे रात्रपाळी आलीच. दिवसाचं काम एकच, उजेडापुढे बाटली धरून तडा आहे का बघायचं, पण त्याला पगार बेताचा. त्यावर सोय होती. कामामुळे कामगाराला असं अपंगत्व आलं तर पगारातली तूट भरून देणारा कारखान्याचा विमा होता. दावा मंजूर झाला तर हे उजेडाच्या बाकावर. नामंजूर झाला तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा भट्टीसमोर. दुसऱ्यांदा डोळा लागला तर देव किती वेळा बघणार?

विमेवाल्यांनी यांना तपासणीला बोलावलं. झोपेच्या दवाखान्यात डोक्याला तारा लावून निजवलं. आणि हे तिथे चक्क झोपले. गाढ! अहवाल आला: झोप उत्तम.

"दादा," धाकटे भावोजी कपाळावर हात मारून म्हणाले, "आयुष्यात एकदा जागं राहायचं होतं, तेवढंही जमलं नाही तुला?" भावोजी त्याच कारखान्यात बाटल्या खोक्यात भरतात आणि बोलतात, दोन्ही सारख्याच वेगानं.

"तिथे बरं वाटलं रे," हे म्हणाले.

विमेवाल्यांनी कळवलं की अहवाल दाव्याच्या विरुद्ध आहे, तरी आमच्या अधिकारी घरी येऊन चौकशी करतील आणि घरातल्या माणसाचा जबाब घेतील. घरातलं माणूस म्हणजे मी.

आदल्या दिवशी भावोजी मला शिकवायला बसले.

"वहिनी, सोपं आहे. त्या विचारतील, दिवसा झोपतात का? तुम्ही म्हणायचं, डोळ्याला डोळा लागत नाही हो."

"पण लागतो की."

"वहिनी!"

"रात्रपाळी असली की मी रोज बघते, भावोजी. दारातून डोकावते. लहान मुलासारखे झोपलेले असतात."

"अहो, पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"म्हणून तर खोटं नको. खोट्याची भाकरी पचत नाही."

"मग उद्याचा एक दिवस तो नेम देवाकडे ठेवायला द्या. परवा परत घ्या!"

"देव काय सावकार आहे?" मी म्हणाले. भावोजींनी यांच्याकडे बघितलं. "दादा, तू तरी सांग वहिनींना." हे छताकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटलं. मला वाटलं, माझ्या नेमाचा मान राखतायत. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशीही दिवा लावला. म्हणायचं तेही म्हणाले.

अधिकारी बाई आल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा, खांद्याला जड पिशवी, पायात टकटक वाजणारे बूट. मी दार उघडलं आणि सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी बूट काढून हातात घेतले आणि चवड्यांवर आत आल्या. समोरच्या खोलीत हे आणि भावोजी टक्क जागे बसलेले. बाई बसल्या. मी चहा आणला, चमचा कपाला लागू न देता. मग सगळी चौकशी कुजबुजीत सुरू झाली. यांचं नाव, वय, पाळ्या. बऱ्याच वेळानं बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आत कुणी आजारी आहे का?"

"नाही," मी कुजबुजले.

"मग आपण असं का बोलतोय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सवय," भावोजी म्हणाले. "मी इथून घरी गेलो की बायको विचारते, घसा बसला का?"

बाईंनी आधी यांना विचारलं. "झोप येते का दिवसा?"

"नाही," हे म्हणाले. एवढंच. मान खाली.

माझ्या नवऱ्याला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि पुढचा प्रश्न मला होता.

"ताई, तुम्ही सांगा. दिवसा झोपतात?"

भावोजींच्या खुर्चीनं, मोजे असूनसुद्धा, आवाज केला. मी देवाच्या फळीकडे बघितलं.

"झोपतात," मी म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. "नक्की?"

"घोरतातसुद्धा."

भावोजींनी डोळे मिटून घेतले, सुई टोचून घेताना मिटतात तसे.

"कसे घोरतात?"

"छान. एका लयीत. मी दाराशी गेले की जरा जास्त."

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि वरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दाराशी गेलात की जास्त?"

"हो. मला बघून नाही हो, डोळे मिटलेलेच असतात."

"हं. आणि ते झोपले की तुम्ही दुपारभर काय करता?"

"कामं. मग देवाशी बोलते."

"मोठ्यानं?"

"छे! आत्ता आपण बोलतोय ना, तेवढंच."

"कुठे बसून?"

मी फळी दाखवली. बाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि बोटानं टकटक केलं. लाकूड वाजलं. पलीकडे यांची खाट आहे, हे त्यांनी दारातून डोकावून बघितलं. मग परत येऊन बसल्या. "काय बोलता देवाशी? सांगण्यासारखं असेल तर."

मला आनंदच झाला. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. चाळणी, नळ, मलम. लेक पहिल्यांदा घर सोडून गेली तेव्हा मी तिथे बसून रडले होते, आणि त्याच संध्याकाळी हे काही निमित्त काढून मला बागेत फिरायला घेऊन गेले होते, तेही. "देव ऐकतो हो," मी म्हणाले. "खोटं वाटेल, पण ऐकतो."

"आणि कुणाच्या हातून पाठवतो?"

"यांच्याच. घरात दुसरं आहे कोण?"

"यांना तुम्ही आधी काहीच सांगितलेलं नसतं?"

"चकार शब्द नाही. तेच तर नवल!"

खोलीत इतकी शांतता झाली की आमच्या घरालाही ती जास्त वाटली. भावोजींनी एक डोळा उघडला. यांचे कान लाल झाले होते, भट्टीसमोरही होत नाहीत इतके.

"साहेब," बाई यांना म्हणाल्या, "चाळणी का आणलीत?"

"जुनी फाटली होती."

"कुणी सांगितलं?"

यांनी माझ्याकडे बघितलं. फळीवर चढून डब्यातलं खाताना सापडलेल्या पोरासारखं. "हिनं."

"मी? मी कधी सांगितलं?"

"मला नाही," हे म्हणाले. "देवाला."

माझ्या डोक्यात तो उजेड पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा मात्र सगळीकडे एकदम पडला.

"अहो!" मी ओरडले. दुपारच्या वेळी त्या घरात असा आवाज निघाला नव्हता. ताटाळ्यातली एक वाटी घाबरून खाली पडली. "म्हणजे तुम्ही जागे असायचात? रोज?"

"रोज."

"सगळं ऐकायचात?"

"सगळं."

"मी एकदा म्हणाले होते, देवा, यांना जरा अक्कल दे..."

"तेही ऐकलं," हे म्हणाले. "ती कुठल्या दुकानात मिळाली नाही."

भावोजी असे हसले की खुर्चीवरून घसरले. बाईही हसल्या, चष्मा काढून डोळे पुसत. मीही हसले. आधी सवयीनं हात तोंडावर गेला, मग तो मी काढला.

हसू ओसरल्यावर हे बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलंय. "आई डोकावायची," ते म्हणाले. "रात्रपाळी नवीन होती. मला झोप येईना. पण माझे डोळे मिटलेले दिसले की तिचा चेहरा खुलायचा. म्हटलं, राहू दे. मग तू आलीस. तू घंटीला मोजा चढवलास. मशीन बंद केलंस. पोरगी उशीत हसायला लागली. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की तुम्ही एवढं करताय आणि मी जागाच आहे? त्यापेक्षा घोरणं सोपं. आणि खरं सांगू का बाई, त्या शांततेतच मला झोप येत नाही. भट्टीचा घरघराट कानात बसलाय. इथे नळाचा थेंब ऐकू येतो, मुंगी चाललेली ऐकू येते. तुमच्या दवाखान्यात उशाशी यंत्र घुमत होतं ना, तिथे लागला डोळा."

बाई पटापट लिहीत होत्या. "झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण सोंग घेणाऱ्याला झोपवायचं कसं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही."

मग त्यांनी जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी हात मागे घेतला. "मी मघाशी 'झोपतात' म्हणाले. ते तर खोटं ठरलं."

"तुम्ही जे बघितलं ते सांगितलंत, ताई. आता जे कळलं ते सांगा. तेच लिहिते."

भावोजी दारापर्यंत त्यांना पोचवायला गेले. "मॅडम, मी वहिनींना काल खोटं शिकवत होतो," ते म्हणाले. "ते बोलल्या असत्या तर?"

"डोळ्याला डोळा लागत नाही हो, असं प्रत्येक घरात ऐकते मी," बाई बूट घालत म्हणाल्या. "देवाची चाळणी पहिल्यांदा ऐकली."

बाईंनी पाठवलेला एक पट्टा यांनी मनगटावर काही दिवस बांधला. झोप-जाग तो आपली आपण टिपून ठेवतो म्हणे. यांनी जे सांगितलं तेच पट्ट्यानं सांगितलं: माणूस आडवा, पण जागा. दावा मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी दिव्यात तेल जरा जास्त घातलं. हे उजेडाच्या बाकावर गेले. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, "इतकी वर्षं बाटल्या काढल्या, पण बाटलीतून आरपार दिसतं हे आज बघितलं."

झोप काही पत्राबरोबर आली नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराचं घड्याळ हळूहळू लागेल, रोज ठरल्या वेळी पडा, घाई करू नका. हे दिवेलागणीनंतर जेवून आडवे व्हायचे, आणि मी पलीकडून ऐकायची: कूस बदलली, पुन्हा बदलली. आता यांना सोंग घ्यायची गरज नव्हती, आणि जागी राहून ऐकायची पाळी माझी होती.

एका संध्याकाळी मी विचारलंच. "कशानं येईल हो झोप?"

हे जरा लाजले. "लग्नाच्या नव्या दिवसांत, आईनं तुला सांगायच्या आधी, तू मशीन चालवायचीस. पडदे शिवत होतीस. तेव्हा माझी सकाळपाळी होती. तो खडखडाट ऐकत ऐकत झोपलो की सरळ पहाट. तशी झोप मग कधी आली नाही."

मी खोळीकडे बघितलं. फुलदाणीकडे बघितलं. सासूबाईही आठवल्या. त्यांनी झोप जपायला सांगितली होती. आवाज बंद करणं ही आमची समजूत, त्यांची आणि माझी.

"चालवीन," मी म्हणाले. "वचन."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवापुढे बसले. पलीकडे आता कुणी नव्हतं, हे कामावर. फळ्या नुसत्या फळ्या होत्या. मला क्षणभर कसंतरी वाटलं, रिकाम्या घरात फोन करावा तसं. तरी म्हणाले, "मशीन गंजलंय रे. तेलाची बाटली पार कोरडी आहे."

संध्याकाळी हे घरी आले. जेवले. खिशातून काहीतरी काढून मेजावर ठेवलं. मशीनच्या तेलाची छोटी बाटली.

मी बघतच राहिले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इतकी वर्षं बंद होतं, तेल लागणारच." हे जांभई देत मागच्या खोलीत गेले. "का गं?"

"काही नाही," म्हणणार होते. पण ते खोटं झालं असतं. म्हणून नुसतीच देवाकडे बघून हसले.

पलीकडे खाट करकरली. मी दार लोटलं, फुलदाणी उचलून खाली ठेवली, आणि आवाज होऊ न देता झालरीची खोळ काढायला घेतली.